डाव्या दारातल्या दोन तारा

मित्रांनो, एका लहान गाडीच्या डाव्या दारात, शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्याजवळ, जाळीच्या मागे मी राहतो. मी स्पीकर आहे. वय वर्षं सोळा. माणसांच्या हिशेबात हे शाळेत जायचं वय, आमच्या हिशेबात निवृत्तीचं. माझ्या पाठीला दोन तारा जोडलेल्या आहेत आणि आज त्या दोन्ही आपापल्या जागी आहेत. यात सांगण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. पण मधले चौदा महिने मला हे वाक्य म्हणता येत नव्हतं, आणि तेवढ्यापायी एक भला माणूस हातचं काम सोडायला निघाला होता.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या दोन्ही अंगांना बायका बसायच्या. एक कागदाचा शंकू ठेवायची, दुसरी त्याला तांब्याच्या तारेचं वेटोळं चिकटवायची, तिसरी कडेला रबर लावायची. सगळ्यांत शेवटी बसलेल्या बाईंकडे एक साधा सेल असायचा, घड्याळात घालतात तसा. त्या सेलच्या तारा क्षणभर माझ्या पाठीला लावायच्या आणि माझा पडदा कुठे जातो ते बघायच्या. पडदा पुढे आला, की ज्या टोकाला सेलची अधिक बाजू लागली होती त्या टोकावर लाल रंगाचा ठिपका द्यायच्या. दिवसभरात असे शेकडो ठिपके. तो ठिपका ही माझी जन्मखूण. ती नीट ध्यानात ठेवा.

उजव्या दारात माझा जोडीदार आहे. आम्ही एकाच दिवशी, एकाच टेबलावर जन्मलो. आमचं काम सोपं वाटतं, पण त्यात एक अट आहे. पडदा पुढे न्यायची वेळ आली की दोघांनी मिळून पुढे, मागे घ्यायची वेळ आली की दोघांनी मिळून मागे. हे जमलं की एक गंमत होते. आवाज उजव्या दारातूनही येत नाही आणि डाव्यातूनही नाही. तो समोर, अगदी मधोमध, जिथे काहीच नाही तिथून येतोय असं ऐकणाऱ्याला वाटतं.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. स्पीकर बोलतो तसा ऐकतोही. गाडीत कोणी बोललं की त्या आवाजाने माझा पडदा किंचित हलतो आणि माझ्या वेटोळ्यात इवलीशी वीज तयार होते. ती कोणाच्या उपयोगाची नाही, पण मला पुरते. म्हणून ही हकिगत मी सांगू शकतो.

आमचे मालक पियानो सुरात लावतात. शाळा, सभागृहं, घरं, जिथून बोलावणं येईल तिथे ते गाडीने जातात. डाव्या सीटवर त्यांची कातडी पिशवी असते. तिच्यात तारा पिळायची किल्ली, लोकरीच्या पट्ट्या आणि एक मऊ फडकं. काम करायला आत जाण्यापूर्वी ते गाडी बाजूला उभी करतात, काचा वर घेतात आणि म्हणतात, "चला, कान धुऊन घेऊ."

कान धुणं म्हणजे त्यांच्या काकांची एक जुनी टेप ऐकणं. हे काम त्यांना काकांनीच शिकवलं. त्या टेपवर पियानोचे अकरा सूर आहेत, खालून वर, एकेक सूर विरून जाईपर्यंत. पहिल्या सुराआधी काकांचा आवाज येतो, "हा सगळ्यांत खालचा. संपेपर्यंत ऐक. घाई करू नकोस." मालकांच्या मुलीने शाळेत असताना ती टेप सीडीवर उतरवून दिली होती. टेप एकाच माइकवर भरलेली असल्यामुळे माझ्या आणि जोडीदाराच्या वाट्याला तंतोतंत सारखाच आवाज यायचा. आम्ही तो मिळून म्हणायचो आणि काका गाडीच्या मधोमध येऊन बसायचे. मालक डोळे मिटून ऐकायचे. नऊ मिनिटांनी पिशवी उचलून निघायचे तेव्हा त्यांच्या चालण्यातच खात्री असायची.

अशी पंधरा वर्षं सुखात गेली. कोणी माझं कौतुक केलं नाही, पण स्पीकरचं कौतुक कोण करतं. आवाज छान आहे म्हणतात, तेच आमचं कौतुक.

मग मागच्या थंडीत डाव्या दाराची काच खाली घसरली ती वर येईना. मालकांनी गाडी काचवाल्याकडे नेली. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्याकडे तीन गाड्या उभ्या होत्या आणि त्याची बोटं थंडीने आखडली होती. काचेपर्यंत हात पोचावा म्हणून त्याने मला बाहेर काढलं. काढताना माझ्या पाठीची प्लॅस्टिकची खाच तुटली. "हात् तिच्या," तो म्हणाला. काच बसवून झाल्यावर त्याने त्या दोन तारा सोलल्या, माझ्या टोकांना पिळून गुंडाळल्या आणि वरून चिकटपट्टी लावली. दोन्ही तारा धुळीने सारख्याच मळकट झालेल्या. माझा लाल ठिपकाही धुळीखाली गेलेला. कुठली तार कुठल्या टोकाला, हे त्याने पाहिलं नाही. गाडीतला रेडिओ लावला, कान माझ्याजवळ आणला आणि म्हणाला, "वाजतोय. झालं काम."

वाजत तर होतोच. हीच तर सगळ्यात मोठी अडचण. तार तुटली असती तर मी गप्प झालो असतो आणि दुसऱ्याच दिवशी कोणीतरी दार उघडलं असतं. पण तारांची अदलाबदल झाली की स्पीकर गप्प होत नाही. तो उलटा चालतो. जोडीदार पडदा पुढे न्यायचा तेव्हा मी मागे घ्यायचो. एकच दार एकाने बाहेरून ढकलावं आणि दुसऱ्याने आतून, तसं. जोर दोघांचाही लागतो आणि दार जागचं हलत नाही. खालचे जाड सूर आम्ही दोघं मिळून खाऊन टाकत होतो. वरचे बारीक सूर यायचे, पण विस्कटून. आणि मधोमध येणारे काका कुठेच येईनासे झाले.

मला ते कळत होतं, पण सांगायचं कसं? मला दुसऱ्याचंच बोलता येतं. स्वतःचं एक अक्षर नाही.

दुसऱ्या दिवशी मालक कान धुवायला बसले. काका म्हणाले, "हा सगळ्यांत खालचा," आणि तो सूर आलाच नाही म्हटलं तरी चालेल. मालकांनी डोळे उघडले. सीडी पुसून पुन्हा लावली. मग एक कान हाताने झाकून पाहिला, नंतर दुसरा. दोन्ही कानांना तेच. त्यांनी सीडी बंद केली आणि पिशवी उचलली.

तुम्ही म्हणाल, त्यांना गाडीचा संशय का आला नाही? मीही पुष्कळ विचार केला. कारण असं, की त्यांच्या काकांचे कान साठीतच गेले होते. आणि काका सांगायचे, सुरुवात अशीच झाली. आधी आवाज कुठून येतो ते कळेना, मग खालचे सूर पातळ झाले. जवळून मोठ्याने बोललेलं मात्र शेवटपर्यंत ऐकू यायचं. मालक आता अठ्ठावन्न वर्षांचे होते. ते या गोष्टीची जणू वाटच पाहत होते. आयुष्यभर सगळ्यांची वाद्यं चुकलेली आणि आपले कान बरोबर, हे धरून चाललेला माणूस. ज्या दिवशी शंका आली, त्या दिवशी ती थेट कानांवरच आली.

आणि भीती एकदा कानात शिरली की ती पियानोतही ऐकू येते. जिथे दोन तासांत काम व्हायचं तिथे साडेतीन लागू लागले. लावलेली तार पुन्हा सैल करायची, पुन्हा पिळायची. कानाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यावरून जाताना ते गाडी हळू करायचे आणि मग वेग वाढवायचे. घरी कोणाला काही बोलले नाहीत. कान धुणंही त्यांनी सोडून दिलं.

इकडे मालकांच्या मुलीच्या मनात वेगळंच चाललं होतं. ती दुकानांचे वजनकाटे तपासायच्या कचेरीत नोकरीला आहे. जे दिसेल ते मोजायचं, मोजलेलं लिहायचं, ही तिची सवय. आई तिला फूटपट्टी म्हणते. वडिलांच्या वाढदिवसाला गाडीत नवी साउंड सिस्टिम बसवायची, असं तिने ठरवलं आणि एक वही केली. रविवारी सकाळी ती गाडीत येऊन बसायची. माझी जाळी काढून तिने माझी रुंदी मोजली, काच पूर्ण खाली आल्यावर माझ्या पाठीमागे किती जागा उरते ते तार आत घालून मोजलं. सीटखाली अॅम्प्लिफायर मावेल का, बॅटरीपासून जाड तार कुठून आणायची, दारांचा पत्रा थरथरू नये म्हणून आतून कुठली चादर चिकटवायची, सगळं तिने आकृत्यांसह लिहिलं. पहिल्याच पानावर होतं, "पुढचे दोन्ही स्पीकर बदलणे." ती ते पुटपुटत लिहीत होती. आपल्याला काढायचा बेत आपल्याच जाळीवर वही टेकवून लिहिला जातोय, हे ऐकताना कसं वाटतं ते मी सांगत नाही. पण खरं सांगतो, मला बरंही वाटलं. मला काढण्यासाठी का होईना, कोणीतरी ते दार उघडणार होतं.

बेत तिने एका रविवारी तिघं गाडीत असताना बोलून दाखवला.

"बाबा, तुमच्या वाढदिवसाला गाडीचा आवाज नवा करून टाकू."

मालक पुढे बघत म्हणाले, "काही नको. आहे ते चांगलं आहे."

"चांगलं म्हणजे, सोळा वर्षांचं आहे."

"मी अठ्ठावन्नचा आहे. मलाही बदलणार?"

"तुमचा सुटा भाग मिळत नाही, म्हणून वाचलात," आई म्हणाली. तिचा गुडघा नेहमीप्रमाणे माझ्या जाळीला टेकलेला होता. "अगं फूटपट्टी, पण आवाज येतोय की. आणखी काय करायला हवं त्याने, उठून चहा?"

"आई, तुला फरकच कळत नाही."

"यांना गाडीत सूर दिसतात, तुला सेंटिमीटर दिसतात. मला पुढचा खड्डा दिसतो. अहो, खड्डा."

गाडी खड्ड्यातून गेली. मालक जरा चढ्या आवाजात म्हणाले, "माझ्यावर उगाच खर्च नको. ज्याला ऐकू येतं त्याच्यासाठी करावं असलं काही."

मुलीला वाटलं, बाबांना आपली भेट नकोशी आहे. ती खिडकीबाहेर बघू लागली. तिने एवढंच विचारलं असतं, की ज्याला ऐकू येतं म्हणजे काय. पण तिने विचारलं नाही. आणि तिने बेत का आखला तेही सांगितलं नाही, कारण बाबांच्या लाडक्या गाडीला नावं कशी ठेवायची.

त्याच आठवड्यात मालकांनी गाडीत बसूनच मोठ्या सभागृहाच्या व्यवस्थापकांना फोन लावला. तिथला पियानो ते बावीस वर्षं लावत आले आहेत. म्हणाले, "या चार तारखेचं काम करतो. पुढे दुसरं कोणी बघा."

"अहो, काय झालं?"

"पाठ दुखते हल्ली."

पाठीला काही झालेलं नव्हतं. फोन ठेवल्यावर त्यांनी पिशवीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून ते घरी आले, एका हाताने गाडी चालवत. चौदा महिन्यांत मला माझ्या दोन तारांचा एवढा राग कधी आला नव्हता.

आईने मात्र मुलीचा उतरलेला चेहरा पाहिला होता. शनिवारी तिने फर्मान काढलं, "नुसतं दाखवून येऊ. बघायला काय जातं?" मालक नाइलाजाने निघाले.

गाडीच्या साउंडचं ते दुकान म्हणजे एक लांब खोली. गाडी तिच्या दाराशीच, डावी काच खाली करून उभी होती, म्हणून आतलं सगळं मला ऐकू येत होतं. एका भिंतीवर स्पीकर, दुसरीवर तारांची भेंडोळी. दुकानदारांना सगळे टेपमामा म्हणतात, कारण त्यांच्या मनगटात बांगडीसारखं चिकटपट्टीचं रिंगण कायम असतं. मुलीने वही पुढे केली. मामांनी चष्मा लावून चारही पानं वाचली.

"काम चोख आहे. माझ्याकडे नोकरी करतेस का?" ते म्हणाले. "पण यात एक पान कमी आहे. आमची एक रीत आहे, पोरी. आधी जुनं ऐकायचं, मग नवं सांगायचं. आणि गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाची तक्रार वेगळी लिहून घ्यायची. डॉक्टर नाही का विचारत, तसं."

त्यांनी पाठकोऱ्या कागदावर तीन ओळी आखल्या. "ताई, तुमची तक्रार?"

"माझी काही नाही," आई म्हणाली. "डाव्या बाजूची काच अडकायची, ती मागच्या थंडीत दुरुस्त केली. आता छान वर-खाली होते."

मामांनी तेही लिहिलं. "आणि तुझी?"

मुलगी क्षणभर वडिलांकडे बघून म्हणाली, "आवाज पातळ झालाय, मामा. खालचा भरीवपणा गेलाय. आणि गाणारा माणूस समोर असायचा, तो आता नुसता इकडे तिकडे पसरल्यासारखा वाटतो. वर्षभर झालं असेल."

मालक दुकानाच्या दारात उभे होते. ते दोन पावलं पुढे आले. "तुलाही तसं ऐकू येतं?"

"मला काय, बाबा, सगळ्यांनाच तसं ऐकू येतं. आई सोडून."

"म्हणजे तुलाही समोरून येत नाही?"

"नाही. पण तुम्ही तर म्हणालात, आहे ते चांगलं आहे."

मालकांनी जवळचं स्टूल ओढलं आणि त्यावर बसले. मुलगी घाबरली. "बाबा, काय झालं?"

"मला वाटलं," ते म्हणाले आणि थांबले. "मला वाटलं, माझे कान गेले. काकांसारखे."

आई हळूच म्हणाली, "वर्षभर? आणि मी रोज विचारतेय, जेवण का जात नाही."

टेपमामांनी कागदावरच्या दोन ओळींखाली पेन्सिलीने रेघ ओढली, काच आणि आवाज. "काच मागच्या थंडीत. आवाज वर्षभर. साहेब, आधी दार उघडू या. कानांचं नंतर बघू."

आम्हा दोघांच्या जाळ्या निघाल्या, माझ्या दाराचं आवरण निघालं आणि चौदा महिन्यांनी माझ्या पाठीवर उजेड पडला. मामांनी जुनी पट्टी सोडवली, तारा मात्र होत्या तशाच ठेवल्या. मग खणातून एक साधा सेल काढला. घड्याळात घालतात तसा. सेलची टोकं त्यांनी आधी रेडिओमागून उजव्या दाराकडे जाणाऱ्या दोन तारांना लावली. "बघ पोरी, पुढे की मागे?"

"पुढे."

मग माझ्याकडे आले. रेडिओमागून माझ्याकडे येणाऱ्या दोन तारा, तोच सेल, तोच क्रम, आणि मी जसा जोडलेला होतो तसाच.

"मागे," मुलगी म्हणाली. तिने पुन्हा लावायला सांगितलं. तीनदा मोजल्याशिवाय तिचं समाधान होत नाही. तिन्ही वेळा मी मागे गेलो.

मामांनी अंगठा ओला करून माझ्या टोकावरची धूळ पुसली. खाली लाल ठिपका होता. "हा बघा. कारखान्यातूनच सांगून ठेवलं होतं बिचाऱ्याने. आपण वाचलं नाही."

तारा बदलायला पाच मिनिटं लागली नाहीत. मालक आपल्या जागेवर बसले. काचा वर घेतल्या. मुलगी मागे, आई डावीकडे. सीडी फिरू लागली आणि जोडीदाराने व मी मिळून पडदा पुढे नेला.

"हा सगळ्यांत खालचा. संपेपर्यंत ऐक. घाई करू नकोस."

काका मधोमध आले होते. मागून तो खालचा सूर आला, जाड, सावकाश, सीटच्या पाठीपर्यंत पोचणारा. आईने चमकून माझ्याकडे पाहिलं. "अगंबाई, हे असं होतं होय?" मालकांनी तिला हातानेच गप्प केलं. डोळे मिटले होते. त्यांनी अकराच्या अकरा सूर ऐकले. टेपमामाही बाहेर नऊ मिनिटं हात बांधून उभे राहिले, दुसरं गिऱ्हाईक आलं त्यालाही थांबवलं.

शेवटचा सूर विरल्यावर मालकांनी फोन काढला. "पियानोवाला बोलतोय. पुढचा माणूस शोधलात का? नाही ना? मग नका शोधू." पलीकडून पाठीचं विचारलं असावं, कारण ते म्हणाले, "पाठ? ती सरळ आहे. तार उलटी होती." आणि मग कितीतरी दिवसांनी ते हसले. त्या हसण्याने माझा पडदा हलला तेवढा कुठल्याच गाण्याने हलला नसेल.

मुलीचा बेत पुरता वाया गेला नाही. दारांना आतून चादर बसली, तारा नव्या आल्या, त्यांची टोकं कथलाने नीट झाळली गेली आणि एकेका तारेवर लाल खूण झाली. अॅम्प्लिफायर राहिला. "पुढचे दोन्ही स्पीकर बदलणे" यापुढे तिने पेन्सिलीने लिहिलं, "आत्ता नको." कायमचं नको, असं तिने लिहिलेलं नाही आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. कधी ना कधी माझा कागद फाटेल. पण मी जाईन तेव्हा सुलटा वाजत जाईन.

एक अट मात्र तिने घातली. सोमवारी ती वडिलांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तपासणीत निघालं, की अगदी वरच्या बारीक सुरांत वयाप्रमाणे थोडी घट आहे. खालचं सगळं उत्तम. दरवर्षी येऊन दाखवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मालकांनी पुढच्या वर्षीची तारीख तिथेच घेतली. आता त्या दवाखान्यावरून जाताना ते वेग वाढवत नाहीत.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारख्या पुष्कळ वस्तू असतील. त्या वाजत असतात, फिरत असतात, चालत असतात, म्हणून त्या बऱ्या आहेत असं समजू नका. कधीतरी मागची धूळ पुसा. तिच्याखाली कोणीतरी एखादी खूण करून ठेवलेली असते. आणि तुम्हाला काही कमी ऐकू आलं, कमी दिसलं, कमी जमलं, तर एकट्याने गाडीत बसून निर्णय घेऊ नका. शेजारच्याला एवढंच विचारा, "तुलाही तसंच वाटतं का?" मला ते विचारता येत नाही. तुम्हाला येतं.

आज चार तारीख. सभागृहाच्या आवारात गाडी उभी आहे. मालकांनी काचा वर घेतल्या आहेत. डावी काच छान वर आली. चला, मला कामाला लागायला हवं. कान धुवायचे आहेत.